आधी डोळे, शेवटी हात

समजा, तुम्हाला शंभर गुण दिले आहेत आणि ते दोन माणसांत वाटायचे आहेत. परीक्षेत असतं त्याच्या उलट. इथे ज्याला जास्त मिळतील तो हरला. समोर चौक आहे. एक गाडी वळत होती, दुसरी सरळ येत होती, आणि आता दोन्ही एकमेकींत घुसून उभ्या आहेत. वळणारा म्हणतो, तो सुसाट आला. सरळ येणारा म्हणतो, हा मध्येच वळला. दोघंही खरं बोलतायत. जमलेल्यांपैकी चौघांनी सगळं डोळ्यांनी पाहिलंय, आणि चौघांनी चार वेगळ्या गोष्टी पाहिल्यात. तुमच्याकडे एक टेप, एक कॅमेरा आणि खडू आहे. रस्ता अर्ध्या तासात मोकळा करायचाय, मागे हॉर्न वाजतायत. संध्याकाळपर्यंत कागदावर दोन आकडे लिहायचे. बेरीज शंभर यायला हवी. वाटा.

आमच्या ऑफिसात हे काम एकतीस वर्षं करणाऱ्या माणसाला सगळे खडूकाका म्हणतात. गाड्यांच्या विमा कंपन्या अपघातात कुणाचा किती दोष हे ठरवायला आमच्याकडे सर्व्हेअर मागतात. असे तीन सर्व्हेअर आहेत, त्यांतले काका सगळ्यांत जुने. मी त्यांनी आणलेल्या मापांवरून अपघाताचे नकाशे काढते. म्हणून ते मला नकाशेवाल्या बाई म्हणतात. मी त्यांच्या लेकीहून लहान आहे, पण 'बाई'वरून खाली यायला ते तयार नाहीत.

काकांच्या सगळ्या शर्टांचे खिसे निळे झालेत. पांढरा खडू उन्हात दिसत नाही, म्हणून ते निळा वापरतात, आणि डबीत ठेवायचा कंटाळा म्हणून सुटाच खिशात टाकतात. त्यांचं एक पाऊल बरोबर पाऊण मीटरचं आहे. टेप विसरला तरी ते रस्ता चालून मोजतात, आणि मी नंतर तपासलं तर फरक वीतभर निघतो. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. आधी डोळे, मग कॅमेरा, मग खडू, शेवटी हात. म्हणजे अपघातातल्या गाडीला हात लावायचा तो सगळं पाहून, फोटो काढून, खुणा करून झाल्यावरच. दार उघडं असेल तर उघडं राहू द्या. गिअर जिथे आहे तिथे राहू द्या. "गाडी बोलत असते," ते म्हणतात. "तिचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालू नये, आणि हात तर नाहीच नाही."

दुसरा नियम त्यांचा स्वतःचा आहे. त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही पन्नास-पन्नास लिहिलेलं नाही. "पन्नास-पन्नास म्हणजे पाहणी झालीच नाही," हे ऑफिसात म्हणीसारखं झालंय. चहाचे कप कुणी विसळायचे यावरून वाद झाला तरी कुणीतरी म्हणतंच, पन्नास-पन्नास चालणार नाही, काका ऐकतील.

एकदा एका इमारतीच्या वाहनतळात दोन शेजाऱ्यांच्या गाड्या मागे घेताना एकमेकींना भिडल्या. दोघेही निवृत्त, दोघेही तापलेले. मी तेव्हा काकांसोबत माप घ्यायला गेले होते.

"टाळी एका हाताने वाजत नाही, साहेब," पहिला म्हणाला.

"बरोबर. पण कुठला हात जोरात आला ते तळव्यावरून कळतं. तुमचा आरसा दुमडलेला का आहे?"

"बायकोने दुमडला."

"त्या गाडीत होत्या?"

"नाही. घरी होती."

"मग त्यांना पाच टक्केसुद्धा देता येणार नाहीत. ते तुमच्याकडेच ठेवतो."

पंचावन्न-पंचेचाळीस. दुसरे शेजारी हसले, मग पहिलेही हसले, आणि काकांनी खिशातून खडू काढून बंपरच्या खाली जमिनीवर रेघ मारली. ते स्वतः हसले नाहीत. कामावर असताना ते हसवतात, हसत नाहीत.

काकांची स्वतःची गाडी जुनी, छोटी, फिकट निळी. घरात तिला म्हातारी म्हणायचे. म्हातारीला एक खोड होती. इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला असतो. वळायच्या आधी तो खाली किंवा वर करायचा, आणि वळण संपून चाकं सरळ झाली की तो आपोआप मध्ये येतो. म्हातारीचा येत नसे. आतली प्लास्टिकची खिट्टी झिजली होती. आपण हाताने मध्ये आणायचा, नाही आणला तर राहिला तसाच.

काकांची लेक तो हटकून विसरायची. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, कामाला गाडी तीच नेते. घरी आली की गाडी बंद, चावी आत, दांडा खाली. सकाळी काका काही कामासाठी गाडीत बसले की पहिल्यांदा त्यांचा हात दांड्याकडे जायचा. टक. दांडा मध्ये. मग बाकीचं. चार वर्षं रोज. काकू म्हणायच्या, "लोकांच्या गाडीतला मिलिमीटर शोधून काढतात, आणि घरच्या गाडीची एक खिट्टी बदलवत नाही. दिव्याखाली अंधार." काका म्हणायचे, रविवारी बघतो. लेक म्हणायची, "राहू द्या ना बाबा. तेवढंच तुम्हाला रोज माझ्यावर चिडायला कारण."

अपघात मंगळवारी दुपारी चार वाजता झाला. लेक जेवून दुकानाकडे परत निघाली होती. दुकानाच्या गल्लीत वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. ती वळली. समोरून दुकानांना पाण्याच्या बाटल्या पोचवणारी व्हॅन येत होती.

नकाशा मीच काढला, त्यामुळे मापं मला पाठ आहेत. व्हॅनच्या ब्रेकच्या खुणा बावीस मीटर. त्यावरून तिचा वेग पासष्टच्या पुढे निघतो, तिथे पन्नासची पाटी आहे. पन्नासने येत असती तर ती चौदा मीटरमध्ये, धडकेच्या आठ मीटर आधी थांबली असती. हा व्हॅनवाल्याचा दोष. सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग वळायचं, आणि लेक थांबली नाही. हा तिचा दोष. इथपर्यंत कुठलाही सर्व्हेअर सांगेल. प्रश्न एकच उरतो, तिने इंडिकेटर दिला होता का? दिला असेल तर समोरच्याला सूचना होती, आणि तरीही तो वेगात आला. नसेल तर ती न सांगता त्याच्या पुढ्यात आली. काकांच्याच पद्धतीने हिशेब केला तर दिला असल्यास तिच्याकडे तीस-पस्तीस, नसल्यास साठ.

लेकीच्या दोन बरगड्या मोडल्या आणि डोक्याला मार लागला. व्हॅनवाल्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

बुधवारी सकाळी काका यार्डात गेले. अपघातातल्या गाड्या जिथे आणून ठेवतात, तिथे ते एकतीस वर्षं जातायत. रखवालदार गेट उघडता उघडता म्हणाला, "आज कुठली फाईल, काका?"

"आज माझीच," काका म्हणाले.

ते लेकीचा चष्मा आणायला गेले होते. तिचा नंबर जाड आहे, चष्म्याशिवाय तिला समोरच्याचं तोंडही नीट दिसत नाही, आणि शुद्धीवर आल्यापासून ती चष्मा मागत होती. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार दबलं होतं. काका दुसऱ्या दाराने आत शिरले, सरकत सरकत तिच्या जागेवर बसले आणि खाली वाकले. चष्मा पायातल्या पेडलांमागे सापडला. एक काच शाबूत होती. त्यांनी तो खिशात ठेवला, त्यावर निळी धूळ बसली, ती शर्टाने पुसली आणि बाहेर आले.

त्यांनी टेप नेला नव्हता. कॅमेरा नेला नव्हता. खडू खिशात होता, पण तो नेहमीच असतो.

शनिवारी दवाखान्यात लेकीने विचारलं, "बाबा, मी इंडिकेटर दिला होता का?"

तिला घरचं जेवण आठवत होतं, जिन्यात चप्पल घातलेली आठवत होती, आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधलं काही नव्हतं.

"दांडा बघितला की कळेल," काका म्हणाले. "म्हातारीचा आपोआप मध्ये येत नाही ना. जिथे होता तिथेच असेल. सांगतो."

आणि हे बोलताना त्यांचा हात पलंगाच्या चादरीवर थोडासा हलला. आपोआप. खालून वर, एवढासा. काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. लेकीला पुरतं दिसत नव्हतं, फुटक्या काचेच्या बाजूने तिने डोळा मिटला होता.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. पाणी आणतो."

हे त्यांनी मला नंतर सांगितलं, जबाब टाईप करताना.

अपघात काकांच्या घरचा, म्हणून नियमाप्रमाणे फाईल दुसऱ्या गावच्या ऑफिसकडे गेली. तिथून ज्या बाई आल्या त्या बारा वर्षांपूर्वी काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांना सगळे दशांशबाई म्हणतात, कारण त्यांनी एका अपघातात एकसष्ट पूर्णांक पाच टक्के दिले होते आणि तो अर्धा टक्का कुठून आला हे अडीच पानांत समजावून सांगितलं होतं. काका त्यांना चिडवायचे, "उरलेला अर्धा कुणाच्या खिशात गेला?" त्या म्हणायच्या, "तुमच्या. खिसा बघा, निळा झालाय."

या वेळी कुणी चिडवलं नाही. काका यार्डाच्या गेटबाहेर बाकावर बसले. आत यायला त्यांना परवानगी नव्हती, आणि त्यांनी मागितलीही नाही. माप धरायला मी आत गेले. दशांशबाईंनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, फोटो काढले, मग दुसऱ्या दाराने आत डोकावल्या.

"दांडा मध्ये आहे," त्या म्हणाल्या. मग सीटकडे पाहिलं. सीटवर बारीक काचांचा थर होता, आणि त्या थरात कुणीतरी बसून गेल्याची जागा स्वच्छ पडलेली. त्यांनी काचांकडे पाहिलं, बोट न लावता. सीटच्या कडेला निळी धूळ होती.

त्या बाहेर आल्या, गेटपर्यंत चालत गेल्या.

"काका, आत बसला होतात?"

"बुधवारी. चष्मा आणायला."

"कशाला हात लावलात?"

"पेडलच्या मागे चष्मा होता. आणि दांड्याला."

"दांडा कुठे होता?"

 आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा काकांचा चेहरा नव्हता. कुणी बस किती वाजता आहे विचारल्यासारखे ते समोर बघत होते.

"मला हात आठवतो," ते म्हणाले. "हात दांड्यावर गेला, आणि दांडा मध्ये होता. तो मी मध्ये आणला, की होताच मध्ये, ते आठवत नाही. मी रोजच करतो ते. दार लावतो तसं."

"पोलिसांचे फोटो?"

"बाहेरून काढलेत. पुढच्या काचेची जाळी झालीय. आतलं काही दिसत नाही."

"तुम्ही पाहिलेत?"

"मागवून पाहिले. भिंग लावून."

जबाब मी टाईप केला. काका सांगत होते, "सदर वाहनाच्या इंडिकेटरच्या दांड्याला बुधवारी सकाळी स्पर्श झाला."

मी थांबले. "कुणाचा, काका?"

"लिहा. सर्व्हेअरचा." मग म्हणाले, "नको. वडिलांचा लिहा." मग म्हणाले, "दोन्ही लिहा. त्यांना काय हवं ते घेतील."

एक आशा बाकी होती, बल्ब. इंडिकेटरच्या बल्बमधली तार धडकेच्या वेळी पेटलेली असेल तर ती गरम आणि मऊ असते, हिसका बसला की ताणली जाते, वाकते. विझलेली तार थंड असते, ती काडीसारखी कट्कन तुटते. दशांशबाईंनी म्हातारीचा पुढचा बल्ब काढून भिंगाखाली धरला. तार सरळ, स्वच्छ तुटली होती. कुठेही वाकलेली नाही.

"म्हणजे बंद होता," मी म्हणाले. मला वाटलं, निदान एक उत्तर तरी मिळालं.

काका म्हणाले, "नकाशेवाल्या बाई, इंडिकेटर चालू असताना अर्धा वेळ बंदच असतो."

इंडिकेटर लुकलुकतो, एवढीच गोष्ट होती. पेटतो, विझतो. विझलेल्या अर्ध्यात धडक बसली असेल तरी तार अशीच तुटणार. वाकलेली निघाली असती तर होय म्हणता आलं असतं. सरळ तुटली त्याचा अर्थ काहीच नव्हता. म्हणून तर दांडा महत्त्वाचा होता.

व्हॅनवाल्याचा जबाब दशांशबाई दवाखान्यात जाऊन घेऊन आल्या. एका ओळीत होता. 'मला इंडिकेटर दिसला नाही.' त्यांनी दोनदा विचारलं होतं, नव्हता की दिसला नाही. त्याने दोनदा सांगितलं, दिसला नाही.

शेवटच्या दिवशी त्या काकांच्या टेबलाशी आल्या. काका डबा खात होते. अपघात झाल्यापासून ते डबा पूर्ण संपवत होते, आधी कधी संपवत नसत. समोर काय आहे हे न बघता घासामागून घास.

"काका, मी पन्नास-पन्नास लिहिते आहे."

"पन्नास-पन्नास म्हणजे…"

"पाहणी झालीच नाही. तुम्हीच शिकवलंत." त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. "झालीच नाही ना."

काकांनी मान डोलावली. डब्याचं झाकण लावलं.

"जेवलीस का तू?" त्यांनी विचारलं.

"काका, ऐका. खिट्टी झिजलेली होती. दांडा खाली सापडला असता तरी मी तो पुरावा म्हणून धरला नसता. समोरच्यांनी म्हटलं असतं, आधीच्या वळणाचा राहिला असेल. आणि तसं असूही शकतं. तुमच्या हाताने अहवाल बदललेला नाही."

"तू नसता धरलास," काका म्हणाले. "पोरीने धरला असता."

दशांशबाई बॅग उचलून बस पकडायला निघून गेल्या. त्यांच्या अहवालात पहिल्यांदाच कुठे दशांशचिन्ह नव्हतं.

लेक घरी आल्यावर तिने नकाशा बघायला मागितला. काकांनी मला विचारलं, मी घेऊन गेले. ती भिंतीला उशी लावून बसली होती, नवा चष्मा लावून. काकू दारातच म्हणाल्या, "ये गं. आमच्याकडे सध्या सगळे एकमेकांशी फार चांगलं वागतात. कुणी भांडायला मिळेल म्हणून वाट बघत होते." मग आत जाता जाता कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, "आख्ख्या शहराचा दोष वाटून झाला. आता आपलेच दात, आपलेच ओठ."

लेकीने नकाशावर बोट ठेवलं. "हा बाण म्हणजे मी?"

"हो."

"आणि हा तो. सरळ येणारा." बोट बावीस मीटरच्या रेषेवरून गेलं. "इंडिकेटर नकाशात कसा दाखवतात?"

"गाडीच्या कोपऱ्यावर छोटा पिवळा त्रिकोण."

"इथे नाहीये. म्हणजे दिला नव्हता?"

"नाही. म्हणजे माहीत नाही. माहीत नसलं की कोपरा मोकळा ठेवतात."

"मोकळा आणि नव्हता, दोन्ही सारखंच दिसतं की."

 मी चार वर्षं नकाशे काढते आहे आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काका खिडकीशी उभे होते. लेक त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला त्याच्याकडे जायचंय. पण काय म्हणून जाऊ? माफी मागायला जायचं तर माझं चुकलं हे मला माहीत हवं. नुसतं बघायला जायचं तर त्याचं चुकलं हे माहीत हवं. पन्नास टक्के म्हणून कसं जातात कुणाकडे?"

"अगं, विचारपूस करायला जातात माणसं," काकू आतून म्हणाल्या. "टक्केवारी घेऊन जात नाहीत."

"आई, त्याचा पाय गेलाय."

काकू बाहेर आल्या, तिच्या अंगावरची चादर ओढून नीट केली आणि परत आत गेल्या.

"बाबा," लेक म्हणाली, "मी चिडलेली नाही. तुम्ही दांडा मध्ये आणलात म्हणून तर नाहीच नाही. मी विसरायचे म्हणूनच सवय लागली तुम्हाला. पण आठवत का नाही हो? तुम्हाला तर रस्त्यावरचा खिळा आठवतो वीस वर्षांपूर्वीचा."

"खिळा मी बघायला गेलो होतो," काका म्हणाले. "त्या दिवशी मी बघायला गेलो नव्हतो."

दीड महिन्याने ती गेली, काकूंना घेऊन, रविवारी सकाळी. त्याआधी ती पुन्हा कामावर जाऊ लागली होती, दुकानात रोज सहा-सात तास उभी राहून लोकांना विचारत होती, हे बरं दिसतं की ते? पहिली काच की दुसरी? काकू म्हणतात, घरातही ती तसंच बोलायला लागली होती, ही भाजी की ती, खिडकी उघडी की बंद, आणि उत्तर आलं की नोंद केल्यासारखी मान हलवायची.

व्हॅनवाल्याचं घर तळमजल्यावर होतं. तो खुर्चीत बसला होता, पायावर पातळ चादर. त्याने त्यांना बसायला सांगितलं, आपल्या मुलीला पाणी आणायला सांगितलं.  मग त्यानेच विचारलं.

"ताई, तुम्ही इंडिकेटर दिला होता का?"

लेकीने चष्मा काढून पुसला.

"विम्याच्या त्या बाई आल्या होत्या, त्यांना मी 'दिसला नाही' म्हणालो. 'नव्हता' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं सगळे म्हणतात. पण मला दिसला नाही, एवढंच मला माहीत आहे. मी रस्त्याकडे बघत होतो असं मला वाटतं. मागे बाटल्या घरंगळत होत्या, तिकडे बघितलं असेन का, ते आठवत नाही. तुम्ही दिला असेल तर मी बघत नव्हतो. तुम्ही दिला नसेल तर मी बघत होतो. एवढं कळलं तर…" तो थांबला. "दिला होता का?"

लेक म्हणाली, "माझ्या बाबांच्या हाताला माहीत आहे."

त्याला ते कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, म्हातारी, खिट्टी, दांडा, चष्मा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग त्यांना विचारा ना."

ती घरी आली आणि जे झालं ते शब्दाला शब्द काकांना सांगितलं. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. कामाला बसने जाते.

म्हातारी भंगारात निघाली, त्याच्या आदल्या दिवशी काका यार्डात गेले आणि स्टिअरिंगखालचा तो तुकडा, दांड्यासकट, स्क्रू काढून घेऊन आले. रखवालदाराने विचारलं नाही. आता तो त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात असतो. दुपारी डबा संपला की काका तो काढतात, टेबलाच्या कडेला शिकंज्यात आवळतात. गाडीत होता बरोबर त्याच उंचीवर. खुर्चीची उंचीही त्यांनी मोजून केलीय.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.

"नकाशेवाल्या बाई, पाच मिनिटं आहेत?"

"आहेत की."

"मी डोळे मिटतो. तुम्ही दांडा ठेवा. कधी खाली, कधी मध्येच. कुठे ठेवला ते सांगू नका. कागदावर लिहा."

मी ठेवला. त्यांनी डोळे मिटून, रोज करायचे तसा, न थांबता हात फिरवला. टक.

"खाली होता."

मी बरोबरची खूण केली. पुन्हा ठेवला. या वेळी हात नुसताच दांड्याला लागून गेला, आवाज नाही.

"मध्ये होता."

आम्ही वीस वेळा केलं. बाजूच्या टेबलावरचे मान वर करून बघत होते. मी मध्ये मध्ये फसवायला सलग चारदा मध्येच ठेवला. एकदा बोलत बोलत ठेवला. एकदा फोन वाजत असताना. काका एकदाही अडखळले नाहीत.

"किती?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"वीसपैकी वीस."

"म्हणजे हाताला कळतं," ते म्हणाले. "फोन वाजत असताना कळतं. बोलताना कळतं." त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, माझ्या वीस खुणा एकदा वरून खाली पाहिल्या, आणि खिशातून निळा खडू काढून कागदाखाली रेघ मारली. रेघेखाली काही लिहिलं नाही.

"मग त्या बुधवारी," ते म्हणाले, "माझ्या हाताखाली तो वाजला होता का?"